नवा गेम आला, पहिल्याच दिवशी घ्यायचा का? ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’चा धडा काय सांगतो

ट्रेलरमध्ये आग ओकणारा ड्रॅगन, अक्राळविक्राळ राक्षस आणि त्यांच्यावर चढून वार करणारा नायक दिसला की फॅन्टसी ॲक्शन आरपीजीच्या चाहत्याचं बोट आपोआप ‘प्री-ऑर्डर’कडे वळतं. मोठ्या गेमची किंमत अमेरिकेत आता ७० डॉलरच्या घरात गेली आहे. भारतात विद्यार्थ्याच्या किंवा नुकत्याच नोकरीला लागलेल्या तरुणाच्या खिशाला ती चांगलीच जाणवते. त्यामुळे ‘गेम चांगला आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘तो आज, या किमतीला, आपल्या मशिनवर घेण्यासारखा आहे का?’ हा खरा प्रश्न आहे.

याचं उत्तर शोधायला ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’सारखं उदाहरण नाही.

नेमकं काय झालं होतं?

जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा गेम २२ मार्च २०२४ रोजी आला. समीक्षकांनी त्याला भरभरून गुण दिले. तरीही पहिल्याच दिवशी स्टीमवर खरेदीदारांचे रिव्ह्यू ‘मोस्टली निगेटिव्ह’वर घसरले. तक्रारी प्रामुख्याने तीन होत्या.

पहिली, पीसीवरचा परफॉर्मन्स. जंगलात बऱ्यापैकी चालणारा गेम मोठ्या शहरात शिरला की अडखळायचा. दुसरी, पैसे मोजून घ्यायच्या वस्तू. मेलेल्या पात्राला उठवणारा वेकस्टोन, पात्राचा चेहरा बदलण्याची सोय, झटपट प्रवासासाठीचा पोर्टक्रिस्टल अशी ही यादी पहिल्या दिवशी स्टोअरवर झळकली. या वस्तू गेम खेळूनही मिळत होत्या. पण पूर्ण किंमत मोजलेल्यांना पुन्हा दुकान दिसलं, हेच खटकलं. तिसरी तक्रार म्हणजे एकच सेव्ह आणि मेनूत नव्याने सुरुवात करण्याचा साधा पर्यायही नाही.

कॅपकॉमने जाहीर दिलगिरी व्यक्त केली आणि आठवडाभरात अपडेट देऊन नवा खेळ सुरू करण्याचा पर्याय आणला. कन्सोलवर ३० फ्रेम्सची मर्यादा घालण्याची सोयही दिली. म्हणजे जो गेम आठवड्याने घेणाऱ्याला मिळाला, तो पहिल्या दिवशी रांगेत उभं राहणाऱ्याला मिळालाच नव्हता.

महागडं ग्राफिक्स कार्ड असूनही गेम का अडकला?

कारण दुखणं ग्राफिक्स कार्डाचं नव्हतंच. कंपनीच्याच स्पष्टीकरणानुसार, गेममधल्या प्रत्येक पात्राच्या वावराचा हिशेब सतत करावा लागतो आणि त्याचा ताण सीपीयूवर येतो. शहरात माणसं जास्त, म्हणून ताण जास्त. काही खेळाडूंनी तर शहरातली पात्रं मारून फ्रेम्स वाढतात का, हेही करून पाहिलं!

इथे ग्राफिक्स सेटिंग कमी करून फारसा फरक पडत नाही. सीपीयूच मागे पडत असेल, तर कार्ड त्याची वाट पाहत बसतं. डेस्कटॉपचा प्रोसेसर निदान बदलता येतो. लॅपटॉपचा सहसा बदलता येत नाही.

‘सिस्टिम रिक्वायरमेंट’ कशी वाचायची?

बहुतेक जण कार्डाचं नाव जुळतं का, एवढंच पाहतात. त्यापेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. एक, ‘किमान’ आणि ‘शिफारस’ यांच्यापुढे किती फ्रेम्सचं आश्वासन आहे. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मध्ये दोन्हींपुढे ३० फ्रेम्सच लिहिलेल्या होत्या. इशारा तिथेच होता. दोन, लॅपटॉपमधलं कार्ड त्याच नावाच्या डेस्कटॉप कार्डापेक्षा सहसा कमी ताकदीचं असतं. तीन, व्हीरॅम. या गेमची किमान अट ८ जीबी व्हीरॅमची होती. अनेक लॅपटॉपमध्ये ती ४ किंवा ६ जीबीच असते.

चौथी गोष्ट खास आपल्याकडची, डाउनलोडची. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ला १३० जीबी जागा लागते. घरी वाय-फाय नसेल आणि फोनवर रोजचा २ जीबीचा प्लॅन असेल, तर १३० जीबी भरायला ६५ दिवस लागतील.

आधी तपासून पाहायची सोय असते का?

कधी कधी असते. ‘वुकाँग’च्या निर्मात्यांनी गेमच्या आधी मोफत बेंचमार्क टूल दिलं. आपल्या मशिनवर किती फ्रेम्स मिळतील, याचा अंदाज खिशातून रुपया न काढता घेता आला. कॅपकॉमनेही प्रदर्शनाआधी मोफत कॅरेक्टर क्रिएटर दिला होता. पण त्यात फक्त पात्र घडवता येत होतं. शहराची गर्दी त्यात नव्हती, त्यामुळे खऱ्या अडचणीचा पत्ता लागला नाही. मोफत काय मिळतंय यापेक्षा त्यातून काय तपासता येतंय, हे महत्त्वाचं.

आवडला नाही तर पैसे परत मिळतात ना?

स्टीमवर मिळतात, खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. प्री-ऑर्डर असेल तर हे १४ दिवस प्रदर्शनापासून मोजले जातात. ‘मग प्री-ऑर्डरमध्ये धोका कसला?’ असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ॲक्शन आरपीजीमध्ये पात्राचं नाक-डोळे घडवण्यातच अर्धा-पाऊण तास जातो, वर सुरुवातीचं प्रशिक्षण. गेमचा खरा रंग दिसायला लागतो तोवर दोन तास सरत आलेले असतात. म्हणून परताव्याचा विचार असेल, तर पहिल्या बैठकीत चेहरा सजवत बसू नये. थेट गर्दीच्या जागी पोहोचावं.

प्लेस्टेशन स्टोअरवर नियम अधिक कडक आहे. डाउनलोड सुरू केलं की, गेम सदोष नसेल तर, परताव्याचा मार्ग बंद होतो. तिथे डिस्कचा पर्याय अजूनही शहाणपणाचा. डिस्क मित्राला देता येते, विकता येते. डिजिटल खरेदीत हातात येतो तो केवळ वापराचा परवाना. कॅलिफोर्नियात तर जानेवारी २०२५ पासून ही गोष्ट ग्राहकाला स्पष्ट सांगणं कायद्याने बंधनकारक झालं आहे.

चांगला गेम आणि आपल्यासाठी चांगला गेम

‘एल्डन रिंग’ फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, जगभर गाजला. पण त्यात ‘सोपं-कठीण’ निवडण्याची सोय नाही आणि नेहमीसारखं पॉजचं बटणही नाही. आईने जेवायला हाक मारली म्हणून समोरचा राक्षस थांबत नाही. रात्री ऑफिसातून येऊन तासभर खेळणाऱ्याला हा आनंद वाटेल की शिक्षा, हे कोणताही समीक्षक सांगू शकत नाही. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’मधला लांबलचक पायी प्रवासही दोष नव्हे, दिग्दर्शकाची निवड आहे. फ्रेम्स पडणं दुरुस्त होऊ शकतं. चालण्याचा कंटाळा अपडेटने जात नाही. रिव्ह्यू वाचताना या दोन तक्रारी वेगळ्या करायला हव्यात.

मग निर्णय काय?

थांबावं. दोन ते तीन आठवडे पुरेत. तोवर पहिलं-दुसरं अपडेट येतं, आपल्यासारख्याच मशिनवरचे व्हिडिओ यूट्यूबवर दिसू लागतात आणि दुकानात आणखी काय विकायला ठेवलंय तेही कळतं. बजेट कमी असेल तर सवलतीची वाट पाहावी. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ही काही महिन्यांतच सवलतीत मिळू लागला होता.

थांबण्याची किंमत असते, हेही मान्य करायला हवं. सगळे मित्र एकाच वेळी एकाच जगात हरवलेले असतात, कोडी मिळून सुटतात, शेवट कुणी आधी फोडत नाही. ज्याला हे हवं आहे, ज्याचं मशिन भक्कम आहे आणि ज्याला ते पैसे बुडाले तरी महिन्याचं गणित बिघडत नाही, त्याने पहिल्या दिवशी खुशाल घ्यावा. बाकीच्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं. डिस्क संपायच्या, म्हणून प्री-ऑर्डर सुरू झाली. डाउनलोड कधी संपत नाही. कंपनीला पैसे आधी हवे असतील, तर आधी गेम नीट चालवून दाखवण्याची जबाबदारीही तिचीच आहे.