भगिनींच्या हक्काला लाल सिग्नल कशासाठी?



संघटनेच्या कामासाठी आम्ही चेन्नईस गेलो होतो. नुंगंबाक्कम स्टेशनवर लोकलची वाट पाहताना समोर रुळांवर भगिनी भर उन्हात खडी भरत होत्या. सोबतचे तमिळ साथी म्हणाले, "आम्ही कुटुंबनियोजन पाळले, त्याची शिक्षा म्हणून आमचे खासदार कमी करणार काय?"

त्यांची भीती निराधार नाही. १९६७ साली त्यांच्या राज्याच्या लोकसभेच्या जागा ४१ वरून ३९ झाल्या. पुढे १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागा गोठवल्या व ८४ व्या दुरुस्तीने ती मुदत २०२६ नंतरच्या जनगणनेपर्यंत लांबवली. २२ मार्च २०२५ रोजी याच प्रश्नावर चेन्नईत अनेक राज्यांच्या नेत्यांची बैठक झाली. तंटा जुना व अवघड आहे.

पण आमचा सवाल वेगळा आहे. या तंट्याच्या दावणीला स्त्रियांचे आरक्षण कोणी बांधले? विधेयक पहिल्यांदा आले १९९६ साली. गीता मुखर्जी यांच्या समितीने ते तपासले. २०१० साली राज्यसभेने मंजूर केले, लोकसभेत घोंगडे भिजत पडले. २०२३ साली १०६ वी घटनादुरुस्ती झाली, पेढे वाटले गेले. मेख मात्र मारून ठेवली: आधी जनगणना, मग मतदारसंघांची फेररचना, मग आरक्षण! २०२४ च्या निवडणुकीत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. एक-तृतीयांश म्हणजे १८१. हे शंभरावर नुकसान कोणाच्या खात्यावर टाकायचे?

पुढे गाडी घसरली तर मागची पॅसेंजर थांबवावी लागते, हे आम्ही जाणतो. पण लाइन मोकळी असताना सिग्नल लाल ठेवणाऱ्याला आमच्याकडे चार्जशीट मिळते!

महाराष्ट्रात २०११ साली स्थानिक संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. त्याने कारभार बुडाला नाही. म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. राज्यांच्या जागांचा वाद राज्यांनी एकत्र बसून मिटवावा. त्यापायी उत्तर-दक्षिण कामगारांत फूट नको. आणि स्त्रियांचा वाटा आहेत त्याच ५४३ जागांतून द्यावा.

आता घरचे बोलू. रेल्वेत, पोस्टात भगिनी खांद्याला खांदा लावून राबतात. मोर्चात त्या पुढे, आणि आमच्या कार्यकारिणीत किती? हे लिहिताना आमचीच मान खाली जाते. येत्या शाखा-निवडणुकीत एक-तृतीयांश जागा भगिनींना द्या. त्यासाठी जनगणनेची वाट पाहावी लागत नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो!