प्रीतीची आज्ञा कोण कोणाला सांगतो?

निवडणुका जवळ आल्या की मत्तयाच्या पाचव्या अध्यायावर उपदेश होतात. वैऱ्यावर प्रीती करा, तशी राजकीय विरोधकावरही करा, असे आपण मंडळीला सांगतो. आज्ञा प्रभूची आहे, तिच्यात सूट नाही. पण उपदेश लिहायला बसलेल्या पाळकाने आधी स्वतःला विचारावे, की विरोधक जिंकला तर माझे काय जाणार आहे? ज्याचे काहीच जात नाही त्याने सांगितलेली प्रीती, ज्याची रोजीरोटी आणि मान पणाला लागला आहे त्याला ‘गप्प राहा’ अशी ऐकू येते.

12 एप्रिल 1963 रोजी, उत्तम शुक्रवारी, अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात कृष्णवर्णीय पाळक मार्टिन ल्यूथर किंग यांना वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांत अटक झाली. त्याच तारखेच्या निवेदनात शहरातील आठ गोऱ्या धर्मगुरूंनी कृष्णवर्णीयांना निदर्शने सोडून न्यायालयात दाद मागायला सांगितले होते. ही माणसे दुष्ट नव्हती. वर्णभेदाविरुद्धचे न्यायालयीन निकाल पाळा, असे त्यांनीच जानेवारीत गोऱ्या समाजाला बजावले होते. मात्र थांबण्याची किंमत त्यांच्या घरातून जाणार नव्हती. किंग यांनी तुरुंगात वर्तमानपत्राच्या समासात उत्तर लिहायला घेतले, तेही त्यांना बंधू म्हणूनच. याच किंग यांच्या माँटगोमेरीतील घरावर 30 जानेवारी 1956 रोजी बॉम्ब पडला, तेव्हा पत्नी आणि तान्ही मुलगी आत होत्या. संतापून, हत्यारे घेऊन जमलेल्या लोकांना त्यांनी त्याच घराच्या ओसरीवरून वैऱ्यावर प्रीती करायला सांगितले आणि घरी पाठवले. तो उपदेश लोकांनी मानला, कारण घाव किंग यांच्याच घरावर बसला होता.

मग पीडिताला द्वेषाची मोकळीक आहे का? नाही, किंग यांनी ती स्वतःसाठीही घेतली नाही. आज्ञा सर्वांना एकच आहे, तिची पहिली पायरी मात्र पीडित आणि लाभार्थी यांना वेगळी आहे. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्यांना क्षमा करायला सांगितले नाही, चौपट परत देण्याचे कबूल केले. कोणी म्हणेल, असा फरक केल्याने मंडळीत फूट पडेल. पण ती आधीच पडलेली असते, आपण तिच्यावर पांघरूण घालतो. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या हक्कांबाहेर राहिले. हा प्रश्न एकाच बाकावरच्या दोघांना सारखा भिडत नाही. म्हणून उपदेशापूर्वी, ज्यांना ही प्रीती महाग पडणार आहे त्यांच्या घरी जाऊन बसा आणि त्यांचे ऐका. मग त्यांच्या बाजूने विरोधकाकडे जा. तेथे सत्य बोला, पण त्याचे भलेच चिंतून. एवढे केल्यावर रविवारी मत्तयाचा पाचवा अध्याय उघडा.