जैत कुणाची?



दूरदर्शनवर 'जैत रे जैत' लागला तेव्हा केज तालुक्यातल्या आपल्या बऱ्याच लोकांनी तो गावातल्या टीव्हीपुढं बसून बघितला. तेव्हापासून वस्तीवर दोन मतं आहेत. काही म्हणतात लई भारी, काही म्हणतात त्यात आपलं काय? आम्हाला दोन्ही खरी वाटतात.

कादंबरी गो. नी. दांडेकरांची. तिच्यावर जब्बार पटेलांनी १९७७ साली चित्रपट केला. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे मराठवाड्याच्याच शेतकरी कवीची. गोष्ट ठाकरांची. नाग्या हा भगताचा पोरगा, ढोल वाजवणारा. मधमाशीच्या डंखानं त्याचा डोळा जातो, अन् तो देवाच्या डोंगरावरच्या राणीमाशीशीच वैर धरतो. आदिवासी माणूस देवाला जाब विचारतो, हे पडद्यावर बघून आमची छाती फुगली. नाहीतर सिनेमात आपण एक तर झिंगा-ला-ला करणारे, नाहीतर चोर. पारध्याला तर चोराशिवाय दुसरं काम कोण देतं?

अन् चिंधी. स्मिता पाटीलनं केलेली. नको असलेला नवरा सोडते, पाहिजे त्या माणसाकडं जाते, मान खाली घालत नाही. आमच्या बाया ते बघताना एकदम गप्प झाल्या. आपल्या जातपंचायतीपुढं अशी बाई उभी राहिली तर काय होतं, हे काय सांगायला पाहिजे? यावर बाप्यांनी बोलावं.

पण दुसऱ्या मतवाल्यांचं म्हणणं असं, की लिहिणारा आपला नाही, नाग्या-चिंधी करणारे नट आपले नाहीत. आम्हाला त्याचा एवढा राग नाही. दांडेकर डोंगर पायी फिरलेला माणूस, त्यांनी ठाकरांची चेष्टा केलेली नाही. आमची अडचण वेगळी आहे. त्या गोष्टीत डोंगर आहे, देव आहे, मध आहे, पण डोंगर कुणाच्या सातबाऱ्यावर आहे हा सवाल नाही. नाग्याची लढाई माशीशी. आपली तलाठ्याच्या दप्तराशी. पेरलेल्या गायरानात रातोरात जनावरं घालतात, त्याला कुठला ढोल वाजवायचा?

गावातले लोक दुसऱ्या दिवशी आमच्या पोरांना म्हणाले, "नाचून दाखवा रे." त्यांना नाच दिसला. १८७१ च्या कायद्यानं आम्हाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, ते ३१ ऑगस्ट १९५२ ला सुटलो, तरी आजही कुठं चोरी झाली की पहिली धाड आपल्या पालावर. ही गोष्ट कुणी दाखवणार का? आपल्यातल्या शिकलेल्या पोरांनी ती लिहायला घ्यावी, बोलीत लिहिली तरी चालंल.

तोवर टीव्हीवर पुन्हा लागला तर जरूर बघा, बायांना पुढं बसवा. अन् १४ एप्रिल १९९० च्या आधीपासून गायरान कसणाऱ्यांनी दंडाच्या पावत्या, पंचनामे जपून ठेवा. गाव नमुना १-ई मध्ये आपलं नाव चढलंय का, ते तलाठ्याकडं जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघा. वाचता येत नसंल तर शाळेतलं पोरगं सोबत न्या.