दोघांचे घर एकाच्या नावावर करण्यापूर्वी

वकिलाकडे माणसे बहुधा भांडण झाल्यावर येतात. भांडण होण्यापूर्वी, किंबहुना सही करण्यापूर्वी येतील तर त्यांची निम्मी दुःखे टळतील. आज ज्या विषयावर लिहावयाचे आहे तो वरवर अगदी घरगुती दिसतो. पतिपत्नींनी मिळून घेतलेले घर पुढे काही कारणाने दोघांपैकी एकाच्याच नावावर करून टाकणे, हा तो विषय. कुटुंबात प्रेम आहे, विश्वास आहे, मग नाव कोणाचे याला काय महत्त्व, असे आपण म्हणतो. पण प्रेम कागदावर लिहिलेले नसते आणि कायदा कागद वाचतो.

काही वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्याकडे आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. नवराबायकोने मिळून दोन खोल्यांचे घर घेतले होते आणि खरेदीखतात दोघांचा निम्मा-निम्मा हिस्सा स्पष्ट लिहिलेला होता. बाईंनी शिवणकाम करून, भिशीचे पैसे घालून आणि हातातल्या पाटल्या मोडून आपला वाटा उभा केला होता. पुढे पतीच्या धंद्यासाठी कर्ज काढावयाचे ठरले. 'कागदावर एकच नाव असले म्हणजे काम लवकर होते,' असे कोणीतरी सांगितले. एके दिवशी बाई पतीबरोबर दुय्यम निबंधकाच्या कचेरीत गेल्या. तेथे छायाचित्र निघाले, अंगठा उमटला, सही झाली. येताना त्यांनी बाजारातून भाजी घेतली आणि घरी येऊन त्या स्वयंपाकाला लागल्या.

त्या कागदाचे नाव बक्षीसपत्र होते. जिच्या गाठी दुसरी कोणतीही मिळकत नव्हती, तिने आपले अर्धे घर पतीला बक्षीस दिले होते. ही गोष्ट तिला पती वारल्यानंतर कळली. थोरल्या मुलाने घर विकण्याची भाषा काढली आणि म्हणाला, "आई, घर बाबांचे होते, आता ते आपणा सर्वांचे आहे." मुलगा खोटे बोलत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते, आणि तेच या हकीकतीतले दुःख आहे.

आता हिशेब पाहू. घराची किंमत १० लाख रुपये धरा. पती मृत्युपत्र न करता वारला. मागे पत्नी, म्हातारी आई, दोन मुलगे आणि एक मुलगी अशी पाच माणसे राहिली. १९५६ च्या वारसा कायद्याप्रमाणे हे पाचहीजण पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकाचा वाटा सारखा. बाईंनी बक्षीसपत्रावर सही केली नसती तर त्यांचे स्वतःचे ५ लाख त्यांच्याकडेच राहिले असते आणि पतीच्या ५ लाखांपैकी पाचवा हिस्सा, म्हणजे १ लाख, वारसाने मिळाला असता. एकंदर ६ लाख. सही केल्यामुळे सगळे १० लाख पतीचे ठरले आणि बाईंच्या वाट्याला त्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे २ लाख, आले. एका सहीने सहाचे दोन झाले! ज्या घरात आजवर त्यांचा शब्द चालत होता, तेथे आता त्या पाचांतल्या एक झाल्या.

येथे आपल्यापैकी काहीजण विचारतील, "आम्ही बौद्ध झालो, मग आम्हांला हिंदू वारसा कायदा का लावता?" प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, या कायद्याच्या दुसऱ्याच कलमात तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू असल्याचे म्हटले आहे. हे वर्गीकरण कोणाला रुचो वा न रुचो, न्यायालयात आज तोच कायदा चालतो. आणखी एक भीती काढून टाकली पाहिजे. धम्म स्वीकारला म्हणून वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हक्क गेला, असे गावकीतला किंवा भावकीतला कोणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. धर्म बदलल्याने मिळकतीचा हक्क बुडत नाही, हे तत्त्व या देशात १८५० च्या कायद्यापासून मान्य आहे.

आता मूळ मुद्दा. सामाईक घर पतिपत्नींपैकी एकाच्या नावावर करण्याचे दोन कागद प्रचारात आहेत. एक हक्कसोडपत्र, दुसरे बक्षीसपत्र. हक्कसोडपत्राने एक सहमालक आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकाच्या लाभात सोडतो. बक्षीसपत्राने तोच हिस्सा मोबदला न घेता दिला जातो. त्यावर देणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या आणि घेणाऱ्याचा स्वीकार लागतो. दोन्ही कागद नोंदवलेले असले पाहिजेत. साध्या कागदावर किंवा नोटरीपुढे लिहून दिलेल्या मजकुराने घराची मालकी बदलत नाही. महाराष्ट्रात राहते घर पतीने पत्नीस वा पत्नीने पतीस बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये आहे. इतर आकार निराळे. याउलट, विकत घेतलेल्या घराचे हक्कसोडपत्र केले तर त्या हिश्शाच्या बाजारभावावर खरेदीखताप्रमाणे शुल्क द्यावे लागते. म्हणून जाणते लोक बक्षीसपत्राचा सल्ला देतात. सल्ला खर्चाच्या दृष्टीने बरोबर आहे. पण कागद स्वस्त पडला म्हणून त्याचा परिणाम हलका होत नाही.

परिणाम हलका का नाही, ते सांगतो. एकदा पूर्ण झालेले बक्षीस मन बदलले म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक झाली, दडपण आणले गेले, असे म्हणावयाचे असेल तर ते न्यायालयात शाबीत करावे लागते, आणि कागद रद्द करून घेण्याचा दावा ती गोष्ट कळल्यापासून ३ वर्षांच्या आत लावावा लागतो. दुय्यम निबंधक तुम्हांला विचारतो तो प्रश्न एवढाच, की ही सही तुमचीच काय? तुम्ही 'होय' म्हणालात की त्याचे काम संपले. या सहीने तुमचे काय जाते, हे सांगण्याची जबाबदारी त्याची नाही. ती आपली स्वतःची आहे.

मग नाव कमी करण्याची गरज तरी कोठे असते? लोक जी कारणे सांगतात ती मी नीट तपासली आहेत. पहिले कारण कर्जाचे. घर दोघांचे असेल तर दोघांनी मिळून कर्ज काढता येते. त्यासाठी एकाने मालकी सोडण्याचे कारण नाही. आणि जुने कर्ज चालू असताना बँकेच्या संमतीवाचून असा कागद करणे तर मूर्खपणाच होय, कारण नाव गेले तरी कर्जदार म्हणून केलेली सही कायम राहते. घर गेले आणि हप्ते राहिले, अशी स्थिती त्यातून उद्भवते. दुसरे कारण सोयीचे. 'प्रत्येक वेळी दोघांनी कचेरीत कशाला जायचे?' त्यासाठी ठराविक कामापुरते कुलमुखत्यारपत्र देता येते आणि काम झाल्यावर ते रद्द करता येते. तिसरे कारण मरणानंतरच्या व्यवस्थेचे. त्यासाठी मृत्युपत्र आहे. दोन साक्षीदारांसमक्ष केलेले मृत्युपत्र नोंदवणे सक्तीचे नाही, आणि हयात असेपर्यंत ते कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्र आज हात रिकामे करते. मृत्युपत्र हात भरलेले ठेवून उद्याची सोय लावते. हा भेद ध्यानात घ्या.

चौथे कारण काहीजण दबक्या आवाजात सांगतात. सावकार दारात आला आहे, म्हणून घर बायकोच्या नावावर करावयाचे आहे. त्यांना स्पष्ट सांगतो, की धनकोंना बुडविण्याच्या हेतूने केलेले हस्तांतर धनको न्यायालयात जाऊन रद्द करवून घेऊ शकतो. घर वाचत नाही, आणि निरपराध पत्नी मात्र दाव्यात प्रतिवादी म्हणून उभी राहते.

याचा अर्थ असे हस्तांतर कधीच करू नये असा नाही. पतिपत्नी विभक्त होत असतील आणि हिशेब चुकता करून घर एकाकडे राहावयाचे असेल, तर नोंदवलेला कागद हाच योग्य मार्ग होय. एखाद्या पतीला आपल्या मागे पत्नी कोणाच्या दयेवर राहू नये असे वाटत असेल आणि तो आपला अर्धा हिस्सा तिला देत असेल, तर मी त्याचे अभिनंदनच करीन. धम्मात गृहस्थाचे आचरण सांगणाऱ्या सिगालोवाद सुत्तातही, पत्नीकडे अधिकार सोपविणे हे पतीच्या पाच कर्तव्यांपैकी एक गणले आहे. पण त्या पतीनेही आपला तहहयात राहण्याचा हक्क त्याच कागदात लिहून घ्यावा. आणि ज्या भगिनीच्या एकटीच्या नावावर घर झाले, तिने त्याच आठवड्यात मृत्युपत्र करावे.

मृत्युपत्र का, तेही ऐका. स्त्री मृत्युपत्रावाचून वारली तर तिची मिळकत प्रथम मुले आणि पती यांना सारखी जाते. मुले नसतील आणि पती आधी वारला असेल, तर तिच्या स्वकष्टाच्या मिळकतीवर पहिला हक्क पतीच्या वारसांचा येतो. तिचे स्वतःचे आईबाप त्यानंतर. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हेच ठरविले. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने घालवून दिलेल्या आणि माहेरच्या आधाराने शिकून नोकरी केलेल्या स्त्रीची कमाई त्या निकालाने सासरच्या वारसांना मिळाली. तिने एक साधे मृत्युपत्र केले असते, तर ही पाळी आली नसती.

दप्तरातील नावाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. ग्रामपंचायतीच्या आकारणीच्या वहीत, सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर नाव लागले म्हणजे मालकी मिळाली, अशी समजूत गावोगाव आहे. ती चुकीची आहे. हे उतारे मुख्यतः कर व महसूल वसुलीसाठी असतात. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वारसा यांसारख्या मुळातून. तसेच गृहनिर्माण संस्थेत ज्याचे नामनिर्देशन केले तो मालक होतो, ही समजूतही खोटी होय. संस्थेने त्याच्याशी व्यवहार करावा एवढाच त्याचा अर्थ. खरे वारस आपला हक्क सांगू शकतात. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने पत्नीला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, मग मालकी कोणाचीही असो. हा मोठा आधार आहे. परंतु राहण्याचा हक्क निराळा आणि मालकी निराळी. राहणाऱ्याला घर विकता येत नाही, त्यावर कर्ज काढता येत नाही, मुलीच्या नावे ठेवता येत नाही.

बंधुभगिनींनो, दोघांचे नाव घरावर लागणे ही आपल्याकडे फार जुनी गोष्ट नाही. स्त्रीला तिच्या मिळकतीची पूर्ण मालकी मिळावी आणि मुलीला वारसा मिळावा, म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडले, आणि ते रखडविले गेले तेव्हा १९५१ साली कायदेमंत्रिपदाचा त्याग केला. त्यांनी मागितलेल्या हक्कांपैकी पुष्कळसे १९५६ च्या कायद्यात आले. मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतका जन्मसिद्ध हक्क मिळण्यास २००५ साल उजाडावे लागले. आज सरकारी घरकुलेही पतिपत्नी दोघांच्या नावे देण्याचे धोरण आहे. एका पिढीने मंत्रिपद सोडून जे मागितले, ते दुसऱ्या पिढीने रांगेत उभे राहून, कागद न वाचता, एका सहीने सोडून द्यावे काय?

म्हणून माझे सांगणे थोडक्यात असे. दोघांचे घर दोघांचेच राहू द्या. नाव कमी करण्याची सूचना आली तर प्रथम विचारा, की ज्या कामासाठी हे करावयाचे ते कर्जाच्या कागदाने, कुलमुखत्यारपत्राने किंवा मृत्युपत्राने होत नाही काय? होत नसेल तरच पुढे जा. कागदाचा मसुदा आदल्या दिवशी घरी आणा आणि शिकलेल्या मुलाकडून वा मुलीकडून दोघांसमोर मोठ्याने वाचून घ्या. घरकुल किंवा पुनर्वसनाचे घर असेल तर वाटपपत्रातील हस्तांतराच्या अटी आधी पाहा. ज्याचा हिस्सा जाणार आहे त्याने स्वतःचा, निराळा वकील गाठावा. पतीचा वकील तोच पत्नीचा वकील, हे या कामात चालत नाही.

त्या भगिनींचे काय झाले, असे आपण विचाराल. आम्ही दावा लावला नाही. त्यांची मुलगी पुढे आली आणि तिने आपला पाचवा हिस्सा आईला बक्षीस दिला. सासूबाईंनीही तेच केले. दोनाचे पुन्हा सहा झाले. मात्र ते झाले मुलीच्या आणि सासूच्या भलेपणामुळे. प्रत्येक घरात असा भलेपणा वेळेवर जागा होईल, याची हमी कोणताही वकील देऊ शकत नाही.