चेंडू वाजला पाहिजे

23 नोव्हेंबर 2025 रोजी कोलंबोत भारताच्या मुलींनी नेपाळला सात गडी राखून हरवले आणि अंध महिलांचा पहिला टी-20 विश्वचषक जिंकला. त्या संघाची उपकर्णधार होती महाराष्ट्राची गंगा कदम. कौतुक झाले, ते रास्तच. पण औंढा नागनाथ तालुक्यात सिद्धेश्वर धरणाकाठच्या एखाद्या वस्तीत दृष्टिहीन मूल असेल, तर खेळाच्या तासाला ते कुठे असते? बहुधा व्हरांड्यात, इतरांची दप्तरे राखत. ‘पडेल, लागेल’ ही काळजी खरी आहे. बसवून ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

अंधांच्या क्रिकेटमध्ये चेंडू कडक प्लास्टिकचा असतो आणि त्यात छर्रे खुळखुळतात. गोलंदाज आधी ‘रेडी?’ विचारतो, फलंदाजाचा होकार आला की ‘प्ले’ म्हणत खालून, जमिनीलगत चेंडू टाकतो. यष्टी धातूच्या असतात, त्यामुळे त्रिफळा उडालेला ऐकू येतो. पूर्ण अंध फलंदाजाच्या धावा दुप्पट मोजतात.

हे जमते कसे? डावीकडचा आवाज उजव्या कानापर्यंत पोहोचायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशीर होतो. तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात चालते, आपण त्यावर विसंबत नाही इतकेच. जन्मांध मुलांत मेंदूच्या मागच्या बाजूचा, एरवी बघण्याचे काम करणारा भाग आवाज आणि स्पर्श यांच्या कामी लागतो, असे मेंदूच्या तपासण्यांत दिसले आहे. मात्र ‘देव डोळे घेतो आणि कान देतो’ यावर विसंबू नये. कान तयार होतो तो सरावाने, आणि धावण्यापडण्याचा सराव व्हरांड्यात मिळत नाही.

खर्च म्हणाल तर फार नाही. साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधला तरी घरंगळताना सळसळतो. थांबला की तो गप्प होतो, तेव्हा सोबत्याने टाळी वाजवून दिशा सांगावी. अवघड भाग वेगळाच आहे: बाकीच्या पोरांनी चेंडू चालू असताना गप्प राहणे. 1976 पासून पॅरालिम्पिकमध्ये असलेल्या गोलबॉलमध्ये घुंगरांचा चेंडू सरपटत येतो, तेव्हा प्रेक्षकांनाही बोलता येत नाही. जत्रेतल्यासारखा भोंगा लावून भरवलेल्या शालेय स्पर्धेत अशा मुलाला मैदानच उरत नाही.

पालकांनी एक जपावे. या मुलाचा वाहता कान म्हणजे किरकोळ दुखणे नव्हे. कानात तेल घालत बसू नये; शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवावे, नाहीतर थेट ग्रामीण रुग्णालय गाठावे.

दिव्यांग हक्क कायदा 2016 चे कलम 16 शाळांना बजावते, की खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने द्या. मुख्याध्यापकांनी येत्या सोमवारी खेळाच्या तासाला व्हरांड्यात एकदा डोकावून यावे.