आधी मजकूर, मग पान



या दिवाळी अंकाच्या निमित्ताने एका साध्या गोष्टीकडे तुमचं लक्ष वेधायचं आहे. अकरावीच्या भूगोलाच्या नोट्सची पीडीएफ घ्या. मोबाइलवर अक्षरं स्वच्छ दिसतात, मांडणीही नेटकी आहे. एखादी अंध विद्यार्थिनी तीच फाइल एनव्हीडीए या, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या मोफत स्क्रीन रीडरने उघडते, तेव्हा तिला मराठीचा एक शब्दही ऐकू येत नाही. रोमन अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा यांची नुसती खिचडी कानावर पडते. कारण युनिकोडपूर्वीच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत मिळण्याआधीच्या, डीटीपी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, पण संगणकाच्या लेखी तिथे भलतंच अक्षर असतं. पान स्कॅन केलेलं असेल, तर संगणकाला ते निव्वळ छायाचित्र वाटतं.

मग कुणीतरी ओसीआर करतं, म्हणजे चित्रातली अक्षरं संगणकाकडून ओळखून घेतं. त्यात ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, आणि स्वयंसेवक ओळ न् ओळ तपासत बसतात. परीक्षा तोंडावर येते तेव्हा जेमतेम निम्मं पुस्तक तयार असतं. या स्वयंसेवकांबद्दल मनात नितांत आदर आहे. संताप येतो तो वेगळ्याच कारणाने: हा सगळा मजकूर कुणीतरी आधीच टाइप केलेला असतो, आणि ती मूळ फाइल प्रकाशकाच्या किंवा प्राध्यापकाच्या संगणकात पडून असते.

कायदा आडवा येत नाही. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रती करण्याची मुभा आली. अंध वाचकांसाठी सुगम पुस्तकांची वाट मोकळी करणारा मराकेश करार मंजूर करणारा पहिला देश भारत, 2014 साली. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये सांगितलं. अडतं ते थेट टायपिंगच्या टेबलावर.

आणि नकाशापाशी. ‘खालील नकाशाचे निरीक्षण करा’ असं लिहून खाली चित्र डकवलं जातं. स्क्रीन रीडर म्हणतो, ‘चित्र’. त्याला ‘महाराष्ट्राचा नकाशा’ असं नाव दिल्यानेही फारसं काही साधत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून नांदेडमार्गे तेलंगणात जाते, सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या कोकणातल्या नद्या आखूड आहेत आणि लगेच समुद्राला मिळतात, पठाराचा उतार पूर्वेकडे असूनही तापी मात्र पश्चिमेला वाहते: नकाशातून शिकायचं ते हे. हे वर्णन भूगोलाच्या शिक्षकानेच लिहायला हवं, कारण तो नकाशा पुस्तकात कशासाठी आहे हे त्यालाच ठाऊक असतं. गणिताची समीकरणं चित्र म्हणून चिकटवली, तर अडचण तीच.

प्रश्न केवळ अंध मुलांचा नाही. कर्णबधिर मुलांसाठी व्हिडिओला आपोआप उमटणारी मराठी कॅप्शन तपासून घ्यावी लागतात. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण स्वतंत्र आहे, त्यामुळे ज्यांचं शिक्षण त्या भाषेत झालं त्यांना नुसती कॅप्शन पुरत नाहीत. हात थरथरणाऱ्या मुलाला माउसने ओढून जोड्या लावायला सांगणारी चाचणी तर त्याच्या ज्ञानाची परीक्षाच घेत नाही.

मराठीत या कामाला चांगला वारसा आहे. स्वागत थोरात यांनी 2008 मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केलं. दिवाळी अंकांची परंपरा तर ‘मनोरंजन’ मासिकाच्या 1909च्या अंकापासूनची; पण एवढ्या वर्षांत किती अंध वाचकांनी हे अंक दुसऱ्याच्या सवडीने ऐकले असतील!

या अंकाचा सगळा मजकूर युनिकोडमध्ये आहे. छापील अंकाबरोबर ईपब (ई-पुस्तक) आवृत्तीही काढत आहोत. निव्वळ पीडीएफवर आम्ही थांबलो नाही, कारण डीटीपीतून निघालेल्या पीडीएफमध्ये युनिकोड असूनही वेलांट्या आणि जोडाक्षरं अनेकदा विस्कटतात. प्रत्येक चित्राचं वर्णन चित्रकारांकडूनच लिहून घेतलं आहे. आमच्या वाचकांत शिक्षक आणि प्राध्यापक पुष्कळ आहेत. त्यांना कळकळीची विनंती: वर्गाच्या ग्रुपवर नोट्स टाकाल तेव्हा पीडीएफसोबत मूळ वर्ड फाइलही टाका. शीर्षकं नुसती ठळक न करता त्यांना हेडिंगची स्टाइल द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला एका कळीवर पुढच्या प्रकरणात जाता येतं.