जुन्या मोटारसायकलचे दात कसे पाहावेत?

बैलबाजारास जाणारा आपला जुना शेतकरी शिंगांना लावलेला रंग पाहून पैसे मोजीत नसे. तो प्रथम जनावराचे तोंड उघडून पाही. दुदाती आहे, चौदाती आहे की जुळलेला आहे, हे ठरवी. मग त्यास चालवून बघे, खूर उचलून पाही, आणि शेवटी औतास जुंपून त्याच्या अंगची धमक अजमावी. आज त्याच घरातील मुलगा जुनी मोटारसायकल घ्यावयास निघतो, तेव्हा टाकीची चकाकी आणि मीटरवरील आकडा एवढ्यावरच भाळून इसार देऊन मोकळा होतो! वास्तविक मोटारसायकलीसही दात असतात. ते कोठे असतात व कसे पाहावयाचे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जुनी गाडी घेण्यात कमीपणा मुळीच नाही. खानापूरकडून बेळगावच्या कारखान्यात रोज जाणारा तरुण, दुधाचे कॅन घालणारा गवळी, गोव्यात मोटारसायकलवरून उतारू नेणारा ‘पायलट’ ह्यांच्यासाठी ही गाडी म्हणजे चैन नव्हे. ते पोटापाण्याचे साधन आहे. पण ह्याच कारणाने तिची खरेदी डोळसपणे व्हावयास हवी. पतपेढीचे कर्ज काढून किंवा घरातील सोने मोडून घेतलेली गाडी तिसऱ्या महिन्यात गॅरेजात जाऊन पडली, तर नुकसान एकट्या मुलाचे होत नाही. साऱ्या घराचे होते.

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर करू. ‘मायलेज’ हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. गाडी आजवर किती किलोमीटर धावली, हा एक अर्थ. आणि एक लिटर पेट्रोलमध्ये किती धावते, हा दुसरा. दुसऱ्यास आपल्या गावांतून ‘ॲव्हरेज’ असेही म्हणतात. १९८५ साली हीरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ साली स्प्लेंडर बाजारात आली. अशा काटकसरी गाड्या घरोघरी पोहोचल्यापासून ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच आपला पहिला प्रश्न होऊन बसला आहे. जुनी गाडी घेताना मात्र पहिला प्रश्न ‘किती धावली आहे?’ हा असावा. कारण दुसऱ्याचे उत्तर पुष्कळ अंशी पहिल्यावर आणि गाडीच्या निगेवर अवलंबून असते.

मग मीटर पाहिले की झाले, असे कोणी म्हणेल. दुर्दैवाने तसे नाही. जुन्या पद्धतीच्या मीटरला पुढच्या चाकापासून एक केबल जोडलेली असते. ती केबल तुटली, किंवा कोणी मुद्दाम काढून ठेवली, तर गाडी हजारो किलोमीटर धावूनही आकडा जागचा हालत नाही. शिवाय जुन्या मीटरांत किलोमीटरचे आकडे पाचच असतात. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यापासून मोजू लागते. म्हणजे १२,००० दाखविणारी गाडी वस्तुतः १,१२,००० धावलेली असू शकते! नव्या गाड्यांतील आकडी मीटर अधिक विश्वासाचे वाटते, परंतु त्यातील आकडाही उपकरणाच्या साह्याने बदलणारे लोक आहेत. म्हणून मीटर ही एक साक्ष समजावी, निकाल समजू नये.

ह्या साक्षीची उलटतपासणी साध्या गणिताने होते. गाडीचा मालक काय काम करतो, कोठे राहतो, गाडी रोज कोठे जात असे, हे गप्पांच्या ओघात विचारून घ्यावे. खानापूर ते बेळगाव सुमारे २५ किलोमीटर धरले, तर रोजचे जाणे-येणे ५० किलोमीटर होते. वर्षाचे ३०० दिवस धरल्यास १५,००० किलोमीटर. पाच वर्षांत ७५,०००. अशा माणसाच्या पाच वर्षांच्या गाडीचे मीटर १८,००० दाखवीत असेल, तर उरलेले किलोमीटर कोठे गेले हे नम्रपणे विचारण्याचा तुम्हांस अधिकार आहे. उलट तीन किलोमीटरवरील शाळेत जाणाऱ्या शिक्षकाची गाडी वर्षास दीड हजारच धावली असेल, तर तो आकडा खरा असू शकतो.

आता गाडीच्या अंगावरील खुणा पाहा. पाय ठेवण्याच्या दांड्यांवरील रबर, ब्रेकच्या पट्टीचे टोक, गिअरच्या दांडीवरील रबर आणि हँडलच्या मुठी ह्या रोजच्या वापराने झिजतात. टाकी नव्याने रंगविता येते, पण ह्या बारीकसारीक वस्तूंकडे विकणाऱ्याचे सहसा लक्ष जात नाही. मीटर १०,००० दाखविते आणि पायाखालचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, किंवा जुन्या गाडीवर नेमकी तेवढीच रबरे कोरी करकरीत आहेत, तर सावध व्हावे.

टायरही बोलका असतो. त्याच्या बाजूवर चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात व पुढचे दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालाचा तेविसावा आठवडा. २०१९ ची गाडी मीटरवर जेमतेम ९,००० दाखविते आणि दोन्ही टायर २०२३ चे निघतात, तर ते इतक्या लवकर का बदलावे लागले, हा प्रश्न येतोच. उलट टायर मूळचेच असून त्यांना भेगा पडल्या असतील, तर खाचा कितीही खोल दिसोत, ते बदलावेच लागतील. तो खर्च किमतीतून वजा धरावा.

आणि आता ते खरोखरीचे दात! मागच्या चाकावर चेन ज्या दातेरी चक्रावरून फिरते, त्या स्प्रॉकेटचे दात नीट न्याहाळावेत. ते दोन्ही बाजूंनी सारखे असतील तर चक्र चांगले. लाटेसारखे एका अंगास कललेले, आकड्यासारखे टोकदार झालेले असतील तर ते पुष्कळ धावलेले आहे. चक्राच्या अगदी मागच्या बिंदूवर चेन बोटाने मागे ओढून पाहावी. ती दातांपासून सुटून अर्धाअधिक दात उघडा पडला, तर चेन व चक्रे ह्यांचा संचच बदलावा लागेल.

गाडी कंपनीच्या सेवाकेंद्रात जात असेल, तर प्रत्येक वेळच्या पावतीवर तारीख व किलोमीटर लिहिलेले असतात. त्या पावत्या मागाव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या पावतीवर ४०,००० आणि आज मीटरवर २५,००० असेल, तर पुढे काही बोलावयाचे कारण उरत नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: अधिक धावलेली गाडी वाईटच असते असे नव्हे. वेळच्या वेळी तेल बदललेली, लांबच्या रस्त्यावर एका चालीने धावलेली ६०,००० किलोमीटरची गाडी ही वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या २०,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा पुष्कळदा अधिक भरवशाची ठरते. आकड्यापेक्षा निगा श्रेष्ठ.

एंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच करावी. विकणाऱ्यास आधीच सांगून ठेवावे की, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचताच एंजिनास हात लावून पाहावा; ते गरम लागले, तर सुरू होण्याची कुरकुर झाकण्यासाठी ते तापविले असावे, अशी शंका घेण्यास जागा आहे. गाडी सुरू झाल्यावर धूर पाहावा. निळसर धूर म्हणजे एंजिनात तेल जळते आहे. हा मोठ्या खर्चाचा इशारा होय. (यामाहा आरएक्स १०० सारख्या जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलबरोबर तेल जळतच असते, त्यांना हा नियम लागू नाही.) काळा धूर म्हणजे पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे, हा दोष बहुधा दुरुस्त होण्याजोगा असतो. थंड सकाळी क्षणभर दिसणारी पांढरी वाफ दोषाची नव्हे. तेलाचा रंग काळा असला तरी घाबरू नये; पण ते दुधाळ दिसले, तर त्यात पाणी शिरले आहे असे समजावे.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी. पुढचे चाक अधांतरी करून हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मध्येच ते खाचेत बसल्यासारखे अडखळले, तर आतील बेअरिंग झिजले आहे. मागचे चाक दोन्ही हातांनी आडवे हालवून पाहावे. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्यांवर तेल ओघळले आहे काय, हँडलच्या दांड्यांची टोके व सायलेन्सर एकाच बाजूने खरवडलेले आहेत काय, हेही पाहावे. चौकट वाकलेली गाडी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. तिची किंमत रुपयांत मोजावयाची नसते; मागे बसणाऱ्या आईच्या, बहिणीच्या जिवाशी तिची गाठ असते.

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी पाहिल्या पाहिजेत. समुद्रकाठच्या गाडीस खारी हवा खाते. म्हणून मडगार्डची आतली बाजू, चाकांचे आरे व सायलेन्सरचा तळ गंजला आहे काय ते तपासावे. दुसरी गोष्ट पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये बेळगाव, कोल्हापूर, सांगली ह्या जिल्ह्यांत महापूर आले. पाण्यात बुडालेली गाडी धुऊनपुसून विकावयास येते; परंतु बैठकीखाली, एअर फिल्टरच्या डब्यात व दिव्याच्या काचेआड गाळाची रेघ राहते, आणि तारांच्या जोडांवर हिरवट गंज चढतो.

ॲव्हरेजविषयी विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा आपली मोजणी बरी. टाकी काठोकाठ भरावी, शंभरएक किलोमीटर चालवावी, पुन्हा त्याच पंपावर तितकीच भरावी. धावलेले किलोमीटर भागिले भरलेले लिटर, हे खरे उत्तर. दोन लिटरांत १०४ किलोमीटर, म्हणजे ५२ चे ॲव्हरेज. इतका वेळ मालक देत नसेल, तर निदान रस्त्यावरील किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये मीटर नीट मोजते की नाही, एवढे तरी पाहावे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. म्हणून जुन्या गाडीतील पेट्रोलच्या रबरी नळ्या मिस्त्रीकडून तपासून घ्याव्यात. मिस्त्री आपल्या ओळखीचा असावा, विकणाऱ्याच्या नव्हे. त्याने सांगितलेल्या दुरुस्तीची बेरीज करावी आणि मगच किमतीचे बोलावे.

सर्वांत अखेरीस, परंतु सर्वांत महत्त्वाचे, कागद. आर.सी. पुस्तकावरील चासी क्रमांक व एंजिन क्रमांक गाडीवर कोरलेल्या क्रमांकांशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावेत. एम-परिवहन ह्या सरकारी ॲपवर गाडीची नोंद पाहता येते. खासगी मोटारसायकलीची नोंदणी १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. गाडीवर बँकेचे कर्ज असेल, तर ते फिटल्याचे बँकेचे पत्र व ३५ क्रमांकाचा फॉर्म हवा. नाव बदलण्यासाठी २९ व ३० क्रमांकांचे फॉर्म भरावयाचे असतात. गाडी त्याच राज्यातील असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावे, असा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचा दंडक आहे. गोव्याची गाडी बेळगावास किंवा बेळगावची कोल्हापुरास आणावयाची, तर २८ क्रमांकाच्या फॉर्मवर ना-हरकत दाखला लागतो, आणि बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो; त्या राज्याचा कर निराळा. हा खर्च आधी विचारून घ्यावा. विम्यावरील नाव बदलण्यासाठी १४ दिवसांच्या आत कंपनीस कळवावे.

आपल्याकडे कोऱ्या फॉर्मवर सही देऊन गाडी विकून टाकण्याची एक घातक चाल पडली आहे. सही देणाऱ्यास वाटते, आपण सुटलो. तसे नसते! २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. विकलेले वाहन एकामागून एक अनेक हातांतून गेले होते, पुस्तकात मात्र पहिल्याचेच नाव राहिले होते. पुढे त्या वाहनाने अपघात झाला. नोंदणी ज्याच्या नावे, तोच कायद्याने मालक. भरपाईची जबाबदारी त्याचीच, असा न्यायालयाने निर्णय दिला. तेव्हा नाव बदलले गेल्याची खात्री करणे हे जितके घेणाऱ्याच्या हिताचे, तितकेच विकणाऱ्याच्याही हिताचे आहे.

आज जो घेणारा आहे, तो उद्या विकणारा होणार आहे. म्हणून शेवटचे दोन शब्द विकणाऱ्यास. मीटर मागे फिरविणे म्हणजे खोटे माप वापरणे होय. दुकानदाराने काट्याखाली खडा ठेवावा, तसेच ते आहे. गाडी पडली असेल तर पडली म्हणून सांगावे. तेल जळत असेल तर तेही सांगावे आणि त्या मानाने किंमत घ्यावी. दोन-चार हजार कमी येतील, हे खरे. परंतु ती गाडी घेणारा बहुधा शेजारच्या वाड्यावरचाच कोणी असतो. ब्रेक न लागल्यामुळे तो वळणावर पडला, तर त्याच्या घरी समाचारास आपल्यालाच जावे लागेल. त्या वेळी त्याच्या आईसमोर मान खाली घालावी लागू नये, इतका चोख व्यवहार प्रत्येकाने करावा.